ऐकणारा मुंबईला, टोचणारी गावाला

डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात काय घाई असते ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. राऊंड उरकला, कार्डावर सही झाली, की नातेवाईकाचं अर्धं लक्ष योजनेच्या कागदांकडे आणि अर्धं बाहेर उभ्या केलेल्या रिक्षाकडे, आणि त्याच पाच मिनिटांत आम्ही सिस्टर लोकांनी सगळं "समजावून सांगायचं". ऐकायला उभा कोण, तर मुंबईहून आलेला मुलगा. रजा संपलेली, संध्याकाळची तुतारी एक्सप्रेस पकडायचीय, तो बिचारा मान डोलावतो, कार्डाचा फोटो काढतो, हो सिस्टर हो सिस्टर करतो. आणि जिला उद्यापासून रोज दोन वेळा स्वतःच्या पोटाला इन्सुलिनची सुई टोचायची आहे ती आई मागे खाटेवर बसून पिशवीत तांब्या, टॉवेल, थर्मास भरत असते. तिच्याकडे कोणाचं लक्षच नसतं. आम्ही केस पेपरवर लिहितो, पेशंट व नातेवाईकांना माहिती दिली. खोटं नाहीच ते, पण ज्याला दिली तो दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरलेला असतो.

मी तळकोकणात एका छोट्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, कुठल्या ते जाऊदे. नर्सने शिकवायचं असतं हे सगळ्यांना मान्य आहे, भाषणात तर फारच, 12 मेला नर्सेस डे असतो तेव्हा तर हार घालून सांगतात. पण माझं सरळ म्हणणं असं आहे की आमच्याकडे शिकवण्यात सगळ्यात मोठी गफलत "कसं शिकवायचं" यात नसून "कोणाला शिकवायचं" यातच होते. निम्म्या घरात कमावतं माणूस मुंबईला, गावाला म्हातारी दोघं नाहीतर एकटीच, आणि हॉस्पिटलात आलेलं माणूस वेगळं, घरात करणारं वेगळं. हे समजल्याशिवाय चार्ट दाखवा नाहीतर व्हिडिओ लावा, सगळं वाऱ्यावर.

नर्सिंगला असताना आम्हाला हेल्थ एज्युकेशन होतं. लेसन प्लॅन लिहायचा, उद्दिष्ट लिहायचं, ए व्ही एड म्हणजे दाखवायचे तक्ते-चित्रं बनवायचे, मग फील्डला जाऊन अंगणवाडीत फ्लॅश कार्ड धरून "संतुलित आहार" सांगायचा आणि मागे मॅडम मार्क देत उभ्या. ब्लूम नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने सांगितलेले शिकण्याचे तीन डोमेन पाठ असायचे, कॉग्निटिव्ह, अफेक्टिव्ह, सायकोमोटर, परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. तेव्हा घोकून टाकलं पण आता वॉर्डात रोज दिसतं की ते तीन वेगवेगळेच आहेत खरंच. डोक्याला कळणं एक, मनाने घेणं दुसरं, आणि हाताला येणं तिसरं. आम्ही डिस्चार्जला जे बडबडतो ते फक्त पहिल्यासाठी असतं. इन्सुलिनला पहिलं पुरत नाही, हात यावा लागतो.

इन्सुलिनचंच सांगते कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथे होतात.

आपल्याकडे सरकारी पुरवठ्यात जी बाटली मिळते ती बहुतेक 40 ची, म्हणजे एका एमएलमध्ये 40 युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन टोचायचं पेनासारखं साधन असतं, त्या पेनची कार्ट्रिज असते ती 100 ची, आणि 100 ची सिरिंज नारिंगी टोपणाची. आता समजा डॉक्टरांनी 20 युनिट लिहिलेत. बाटली 40 ची आणि मेडिकलवाल्याने नारिंगी टोपणाची सिरिंज दिली, बाईने अगदी बरोबर 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर पोटात गेले फक्त 8 युनिट. शुगर खाली येईना म्हणून परत डोस वाढवला जातो. आणि उलटं झालं, 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 पर्यंत भरलं, तर 50 युनिट जातात, म्हणजे माणूस घाम फुटून आडवाच. हे गणित आजीला शिकवायची गरज नाही, गणित आपल्यासाठी. तिला एवढंच, की बाटलीवर 40 लिहिलंय, टोपण लाल, दुसऱ्या रंगाचं कोणी दिलं तर घ्यायचं नाही, दुकानात भांडायचं. मी रिकाम्या सिरिंजचं लाल टोपण चक्क डिस्चार्ज कार्डाला सेलोटेपने चिकटवून देते. कार्ड मुलगा घेऊन गेला तर? म्हणून टोपण आजीच्या कार्डाला, आणि मुलाने फोटोवर भागवायचं.

मागे एक आजी होत्या. हाताला संधिवात, अंगठा वाकलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. मी पहिल्या दिवशी नेहमीसारखं दाखवलं, गढूळवालं इन्सुलिन आहे तर बाटली हलवायची नाही, तळव्यांमध्ये हळू लाटायची, मग जेवढं औषध काढायचं तेवढी हवा आधी आत सोडायची, मग बाटली उलटी करून ओढायचं, बुडबुडा टिचकीने वर घ्यायचा. "कळला मा?" म्हटलं तर "होय गो बाय, कळला सगळा." झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिरिंज त्यांच्याच हातात दिली तर टोपण निघेना. टोपणच निघेना! अंगठ्याला जोरच नाही. मग दाताने काढायला गेल्या, तेवढ्यात मी धरलं. आणि रेघ बघायला सिरिंज नाकापर्यंत आणली, "ता बारीक बारीक माका दिसता खय?"

म्हणजे मी काल जे पंधरा मिनिटं बोलले त्यात खरी अडचण एकदाही आली नव्हती. टोपण आणि रेघ, एवढीच अडचण होती. ती मला त्यांनी सांगितली नाही कारण मी विचारलंच नव्हतं असं, मी विचारलं होतं कळलं का, आणि कळलं तर होतंच. आमच्याकडची माणसं मोठी भिडस्त, शिकवणाऱ्याला "नाय कळला" असं तोंडावर कोण म्हणणार. मग टोपणासाठी कापडाची चिंधी धरून पिळून काढायची युक्ती निघाली, ती पण त्यांनीच काढली, नारळाच्या तेलाची बाटली अशीच उघडतात म्हणे. रेघेचं काही झालं नाही, त्यावर पुढे येतेच.

ही भिडेची गोष्ट सोडली तरी माणसं विसरतातच. रॉय केसेल्स म्हणून एकाने 2003 मध्ये यावरचा अभ्यास मांडला होता, डॉक्टर-नर्स जे सांगतात त्यातलं 40 ते 80 टक्के लगेच विसरलं जातं, आणि जे लक्षात राहतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं लक्षात राहतं. लगेच हं, आठवड्याने नाही. म्हातारं माणूस, घाबरलेलं, चार दिवस झोप नाही, त्यात आपण सहा गोळ्यांची नावं एका दमात सांगतो, काय राहणार? त्यात सांगायची पण एक गंमत असते, सगळ्यात महत्त्वाचं आपण सगळ्यात शेवटी सांगतो, जेव्हा ते चपला शोधत असतात.

म्हणून आता मी कळलं का विचारायचं सोडूनच दिलंय. मी म्हणते "आजये, आता तू माका शिकय, मी नवीन सिस्टर आसंय." पुस्तकात याला टीच बॅक म्हणतात, नाव काही का असेना. आजी हसतात, लाजतात, पण मग असं काही शिकवतात की सगळं उघडं पडतं. एका काकींनी मला शिकवलं की सुई टोचली की लगेच काढायची, नाहीतर "औषध परत चढता". मग कळलं की औषध पूर्ण आत जातच नव्हतं, बाहेर ओघळत होतं. दट्ट्या पूर्ण दाबून दहापर्यंत मोजा म्हटलं, तर त्यांनी रामरक्षेची पहिली ओळ म्हणायचं ठरवलं, तेवढ्यात होतं बरोबर. आता माझ्या दहा आकड्यांपेक्षा ते कधीही चांगलं, विसरायचा प्रश्नच नाही.

आणि यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, नीट सांगितलं नाही पेशंटने तर चूक आपल्या सांगण्यात धरायची आणि परत वेगळ्या पद्धतीने सांगायचं, परीक्षा घेतल्यासारखं करायचं नाही. आम्ही सिस्टर लोक ओरडतो फार. मान्य आहे, तीस खाटा आणि दोन सिस्टर असल्या की आवाज चढतो. पण ओरडा खाल्लेलं माणूस पुढच्या वेळी खरं सांगत नाही, गोळ्या घेतल्या? होय. पथ्य पाळलं? होय. आणि शुगर 340.

याबाबतीत मला बांगलादेशची गोष्ट फार आवडते. ओआरएस म्हणजे मीठ-साखर-पाणी, 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजची पाकिटं करून पाणी पाजायला लावलं, आणि पाजायला कोण, तर पेशंटचे नातेवाईकच. आई, भाऊ, जो जवळ असेल तो. मृत्यू एकदम खाली आले. पुढे 1980 ते 1990 मध्ये बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने बायका घरोघरी पाठवल्या, एक कोटीच्या वर घरं झाली म्हणे, आणि प्रत्येक घरात आईच्या हातून चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा लिटर पाण्याचं मिश्रण करून घेतलं. सांगून नाही, करून. खरी कमाल पुढे आहे. या शिकवणाऱ्या बायकांचा पगार किती घरं केली त्यावर ठरायचा नाही, काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्या आईला विचारायचा, आणि तिला किती आठवतंय, तिने मिश्रण बरोबर केलं का, त्यावर पैसे मिळायचे!

आमच्याकडे असं केलं तर महिनाअखेरीला आम्हीच उसने मागत फिरू. पण विचार करा, केस पेपरवर माहिती दिली असं लिहिण्याऐवजी आठ दिवसांनी फोन करून पेशंटला काय आठवतंय ते लिहायचं ठरलं तर आमचं बोलणं किती बदलेल. सहाच्या ऐवजी दोन गोष्टी सांगू पण त्या डोक्यात बसेपर्यंत सांगू.

आणि अजून एक, तिथे सुरुवातीला आयांना सगळं पाठ होतं पण वापर मात्र कमी होता. का, तर शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या दुसरी औषधं घ्यायच्या. मग आधी त्यांना पटवावं लागलं. आमच्याकडे हे लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, गोळीचं होतं. पावसात लावणीच्या दिवसांत भाताच्या चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिन वाटतात, आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम. आशाताई घरोघर देऊन येतात, माणसं घेतात आणि कोनाड्यात ठेवतात. विचारलं की "त्या गोळयेन पोटात आग पडता." पडणारच, सकाळी उठून शेतात जाता जाता उपाशी पोटी एका घोटात गिळली आणि घशाशी अडकली तर आग पडणारच. पोटभर जेवून, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, एवढं सांगितलं तर निम्म्या तक्रारी बंद. आमच्या इथल्या एका आशाताईंची स्वतःची शेती आहे, त्या बांधावरच सगळ्यांबरोबर जेवतात आणि जेवण झालं की पहिली गोळी स्वतः घेतात. त्यांच्या वाडीत गोळी कोनाड्यात जात नाही. आणि दिवस कोणता, तर आठवडी बाजाराचा. "दर सात दिवसांनी" कोणाच्या लक्षात राहत नाही, बाजार सगळ्यांच्या लक्षात असतो.

मिठाचं पण सांगते. बीपीच्या, हार्टच्या पेशंटला सगळे सांगतात मीठ कमी. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा. पेशंट इमानदारीत पाळतो हो, "भाजयेत मीठ घालूकच नाय गो." आणि पाय तर सुजलेले. जुलै महिना, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी कुठून, घरात भरून ठेवलेला सुका बांगडा, सुकट, आणि पेजेबरोबर तोंडी लावायला लोणचं नाहीतर खारातली कैरी. अळणी भाजी खाऊन वर भाजलेला सुका बांगडा. त्यांच्या हिशोबात मीठ म्हणजे बरणीतलं, मासळीतलं ते मासळी. आता यात पेशंटची काय चूक? पथ्याचा कागद छापला कोणी, तर त्यात लिहिलंय पापड, चिप्स, फरसाण टाळा. चिप्स! आजी आणि चिप्स. म्हणून मी आधी काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारते, पेजेपासून सुरू करून, आणि मग जे सापडतं त्यावर बोलते. सुकं एकदम बंद म्हटलं तर ऐकणार नाहीत, मी पण नाही ऐकणार. रोजच्या ऐवजी कधीतरी, ते पण आधी भिजत घालून पाणी टाकून, आणि रोजच्याला सोलकढी बिनमिठाची, कोकम आहे तर आंबटपणावर निभावतं.

उपासाचं कोणीच सांगत नाही. सकाळचं इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं आणि संकष्टी म्हणून दिवसभर चहावर राहिलं, चंद्रोदय रात्री नऊ-दहाला, आणि आमच्याकडे श्रावणात ढगात चंद्र कुठला दिसायला. "चंद्र बघल्याशिवाय जेवतलंय कशी?" असं म्हणणारी माणसं आहेत. रात्री आणतात बेशुद्ध अवस्थेत. उपास सोडा असं मी सांगत नाही, ते माझं काम नाही आणि सांगून कोणी सोडत पण नाही, मी सांगते की कॅलेंडरवर उपासाचे दिवस आहेतच छापलेले, त्याच्या आधी येऊन डॉक्टरांकडून त्या दिवसाचा डोस विचारून घ्या. आणि हातपाय थरथरले, घाम आला की उपास तिथेच मोडायचा, तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी बरं नाही वाटलं तर परत, आणि मग पेज. हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे कारण ज्याला होतं त्याला तेव्हा काही सुचत नाही. फ्रिजचं पण तसंच, पावसात दोन दोन दिवस लाईट नसते, तर चालू केलेली बाटली मडक्यात, पाण्यात बुडणार नाही अशी डब्यात घालून, महिनाभर चालते. फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं.

आता मुंबईवाल्याचं काय. त्याला बाजूला टाकायचं असं मी म्हणत नाहीये, तो काळजी करतोच, पैसे पण तोच पाठवतो. फक्त त्याला काम वेगळं द्यायचं. आता पेशंट ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच मी विचारते, घरी टोचणार कोण, जेवण करणार कोण, रात्री बाजूला झोपणार कोण. तीन उत्तरं तीन माणसांची निघतात कधीकधी. मग त्यातल्या टोचणाऱ्याला बोलवून घ्यायचं, रोज सकाळच्या इंजेक्शनच्या वेळीच, वेगळा वेळ काढायला कोणाकडे आहे, तसंही इंजेक्शन द्यायचंच असतं तर ते त्यांच्या हातून. पहिले दोन दिवस मी करते ते बघतात, मग त्या करतात मी बघते. मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं आणि आईने कसं टोचलं ते बघायला लावायचं, त्याने रोज संध्याकाळी फोन करून "जेवलीस?" च्या आधी "टोचलंस?" विचारायचं. एवढं तो आनंदाने करतो. सगळेच नाही, पण बरेच.

राहिली त्या आजींची रेघ. पेन असतं तर सोपं होतं, पेनचा आकडा फिरवताना टिक टिक वाजतो, एक युनिटला एक टिक, डोळ्याने नाही तर कानाने मोजता आलं असतं. पण आमच्याकडे येते ती बाटलीच. मीटिंगमध्ये विषय काढला होता, लिहून द्या म्हणाले, लिहून दिलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाव घातलंय पण शुगर खाली आल्याशिवाय ते घेणार नाहीत, आणि शुगर खाली यायला इन्सुलिन बरोबर जायला पाहिजे. सध्या शेजारची नववीतली मुलगी सकाळी शाळेला जायच्या आधी येऊन रेघ बघून देते. तिला मी वॉर्डात बोलावून रीतसर शिकवलंय, लाल टोपण, 40, बुडबुडा, सगळं, आणि तिने मला उलट शिकवून दाखवलं तेव्हा माझ्यापेक्षा भारी शिकवलं. संध्याकाळी तिचा क्लास असतो, त्यामुळे संध्याकाळचा डोस पण ती सकाळीच भरून ठेवायचं म्हणत होती, पण ते गढूळवालं औषध भरून दिवसभर ठेवायचं का हे डॉक्टरांना विचारून सांगते म्हटलंय. मे महिन्यात ती मामाकडे जाणार तेव्हा काय करायचं ते अजून ठरायचंय, कोणाला काही सुचत असेल तर सांगा.